पटलं, पण पटवलं कसं?

वरवट बकालमधल्या शेतकऱ्याच्या घरात वर्षभरात जे काही वाचलं जातं, त्यात कथा-कविता थोड्याच. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीवरची जाहिरात, मग पीकविम्याच्या अटी, दिवाळीच्या मागेपुढे पैसेवारीची बातमी, अधूनमधून बँकेची नोटीस, निवडणूक आली की पत्रकं, आणि रोज मोबाइलवर ‘सगळ्यांना पाठवा’ असं बजावत येणारं काहीतरी. शेगावहून निघून खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडली की हे गाव लागतं. संग्रामपूर तालुक्यातली ही गजबजती बाजारपेठ. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला खारपाणपट्टा. इथल्या माणसाने कोणतं बियाणं घ्यायचं, कर्ज फेडायचं की थांबायचं, कोणतं पाणी प्यायचं, हे ज्या मजकुरावरून ठरतं तो सगळा ‘खरी माहिती’ म्हणून दारात येतो.

आणि नेमका हाच मजकूर वाचायला शाळा शिकवत नाही.

दहावीच्या मराठीची कृतिपत्रिका पाहिली की हे लक्षात येतं. उतारा येतो, त्याखाली ‘चौकटी पूर्ण करा’, ‘आकृतिबंध पूर्ण करा’ आणि शेवटी ‘स्वमत’. पहिल्या दोन कृतींत उताऱ्यातली माहिती शोधून चौकटीत ठेवायची. स्वमतात विषयाबद्दल स्वतःला काय वाटतं ते लिहायचं. या दोहोंच्या मधला प्रश्न मात्र राहूनच जातो: लेखकाने हे आपल्याला पटवलं कसं? कोणता पुरावा पुढे केला, कोणता झाकला, कुणाला उद्देशून लिहिलं, कुठे चिडला, कुठे हसवलं? गंमत म्हणजे ‘उपयोजित लेखन’ या विभागात मुलं बातमी लिहितात, जाहिरातही तयार करतात. पण छापून आलेली बातमी किंवा जाहिरात बाकावर ठेवून तिचे सांधे सोडवून पाहायला त्यांना क्वचितच कुणी सांगतं. पटवण्याची कला शिकवायची आणि ती ओळखायची नजर शिकवायची नाही, असा हा उलटा कारभार आहे.

ही नजर शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्याकडे एक मास्तरीण एकोणिसाव्या शतकापासून आहे.

ताराबाई शिंदे यांचा जन्म बुलढाण्याचा, साधारण १८५० सालचा. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सदस्य. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. अनौरस अर्भकाला मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली गेली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वृत्तपत्रांतून चर्चेला ऊत आला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ने या निमित्ताने समस्त बायकांच्या नीतिमत्तेवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी ते वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे त्यांचं छोटेखानी पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

आज या पुस्तकाची ओळख भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा एक आरंभग्रंथ अशी करून दिली जाते. ते योग्यच आहे. पण त्याच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट त्या गौरवात झाकली जाते: ते वृत्तपत्र वाचणाऱ्या एका बाईने लिहिलं आहे. मजकुरात एका खटल्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर उडी मारलेली तिने पाहिली आणि ती उडी तिथेच पकडली. सुरतेतली एक बाई दोषी ठरली, यावरून बायका अशाच असतात हे कसं सिद्ध होतं? आणि त्या बाईला आई करणारा पुरुष या मजकुरात आहे कुठे? चर्चा विधवेची, शिक्षा विधवेला, उपदेश बायकांना. पुरुषाचा उल्लेखच नाही. लिहिलेल्या गोष्टींइतकंच न लिहिलेल्याकडे बोट दाखवणं हे वाचनातलं सर्वांत अवघड कसब. ते बुलढाण्यात राहणाऱ्या, घराच्या चौकटीत बांधलेल्या बाईने एका लेखावर वापरून दाखवलं.

पुढचं पुस्तक म्हणजे युक्तिवादाच्या हत्यारांचं प्रदर्शनच आहे. पहिलं हत्यार उलटापालटीचं. बायकांवर परंपरेने जे आरोप ठेवले, कपट, धाडस, अविचार, चंचलपणा, ते ताराबाई एकेक करून उचलतात आणि तीच फूटपट्टी पुरुषाला लावतात. नवरा मेला म्हणून बाईने केस उतरवायचे, कोपऱ्यात बसायचं. मग बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये, असा त्यांचा रोख आहे. नुसती पात्रं बदलली की नियमाचा विचित्रपणा उघडा पडतो. वेगळा पुरावा द्यावाच लागत नाही.

दुसरं हत्यार समोरच्याच्याच साक्षीचं. पुराणातल्या कथा पतिव्रतेच्या गौरवासाठी सांगितल्या जातात, तर ताराबाई त्याच कथा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या करतात. सावित्रीने नवऱ्यासाठी यमाची वाट धरली. बायकोसाठी यमाच्या वाटेवर पाऊल टाकलेला नवरा कुणी ऐकला आहे का? जो ग्रंथ विरोधकाला पूज्य आहे, त्यातूनच दाखला काढल्यावर त्याला तो नाकारता येत नाही.

तिसरं हत्यार आवाजाचं. सुरुवातीला त्या नम्र होतात: आपलं हे पहिलंच लेखन, भाषा ओबडधोबड, आपण घरात कोंडलेल्या. मग देवाला विचारतात, मग पुरुषांकडे वळून थेट दरडावतात. प्रस्तावनेतली ही नम्रता भाबडी नाही. आपल्याला हिणवायला वाचक टपला आहे हे त्या ओळखून आहेत, म्हणून त्याच्या हातातला दगड आधीच काढून घेतात. पुढे त्यांच्या भाषेत ओसरीवरच्या भांडणाचा जोर येतो. तो जोर पंडिती मराठीत आणता आला नसता.

चौथी गोष्ट शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ताराबाई आपल्या काळातल्या कादंबऱ्या-नाटकांचाही समाचार घेतात. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या तेव्हा घरोघर वाचल्या जात. त्यांतल्या बायका कशा रंगवल्या आहेत, खऱ्या बायकांशी त्यांचा काय संबंध, असं त्या विचारतात. मराठीत समीक्षेची शिस्त नीट रुजायच्या आधी एका वाचकाने विचारलेले हे प्रश्न आहेत.

आता याच पुस्तकावर तीच परीक्षा उलटून लावली पाहिजे. ताराबाईही ‘पुरुष’ म्हणून सरसकट बोलतात. एका विधवेवरून सगळ्या बायका ठरवणं जर चूक असेल, तर काही लबाडांवरून सगळे पुरुष कसे ठरतील? त्यांचा उपहास कधीकधी पुराव्याच्या पुढे धावतो. हे मुलांना वर्गात शोधायला लावावं. लेखिका आपल्या बाजूची आहे म्हणून तिला सूट दिली, तर सगळा खटाटोप वाया गेला. जे पटतं त्याची उलटतपासणी करणं, जे पटत नाही त्याच्या उलटतपासणीपेक्षा कठीण असतं.

त्या काळात या पुस्तकाची अवहेलनाच जास्त झाली. सत्यशोधकांतल्याही काहींनी नाक मुरडलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी आणखी काही छापल्याचं आढळत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला, आणि जगभरच्या विद्यापीठांत बुलढाण्याच्या या लेखिकेवर चर्चा होऊ लागली.

फुल्यांचंच ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) शेजारी ठेवलं तर वेगळी तऱ्हा दिसते. ताराबाई प्रश्नांनी भंडावतात. फुले तपशिलांनी घेरतात. कुणब्याचं घर, त्यातली भांडीकुंडी, कचेरीत होणारी अडवणूक, कुलकर्ण्याचा आणि सावकाराचा कागद असं सगळं ते मांडत जातात. ऐकणारा बडोद्याचा सयाजीराव असो की गावचा पाटील, त्याला त्या घरात उभं राहावंच लागतं. पुस्तकाचे पहिले भाग ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात छापायला घेतल्यावर त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढचे थांबवले, इतकी ही भाषा तेव्हा झोंबली. त्यातली आर्यांच्या स्वारीची मांडणी आजचा अभ्यासक जशीच्या तशी घेणार नाही, पण कुणब्याच्या घराचं वर्णन घेईल. एकाच पुस्तकात इतिहासाचा दावा आणि डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन शेजारी असतात, आणि दोन्हींचं वजन सारखं नसतं. वाचकाने ते वेगवेगळं तोलायला हवं.

नंतरच्या मराठीत ही कारागिरी आणखी बारीक झाली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) निवेदकाचे दोन भाग होतात, गावचा दगडू आपली कहाणी शहरातल्या दया पवारला सांगतो; आत्मकथेत आपणच आपल्याकडे किती अंतरावरून पाहायचं, याचं हे उत्तर आहे. अनिल अवचटांनी ‘पूर्णिया’पासून (१९६९) उलटी वाट धरली. छोटी वाक्यं, समोरच्या माणसाची मजुरी, त्याच्या डोक्यावरचं ओझं किती किलोचं, तो काय बोलला. निकाल द्यायचा नाही. निकाल न देणं हीसुद्धा युक्तीच असते, कारण कोणता तपशील निवडायचा हे अवचटच ठरवतात. वाचकाला मात्र वाटतं, निष्कर्ष आपणच काढला.

ही सगळी नजर पुस्तकापुरती ठेवून वरवट बकालला काही उपयोग नाही. ती सरकारी कागदावर चालते का, ते पाहायला हवं.

पैसेवारी घ्या, म्हणजे गावात पीक किती आलं ते पैशांत सांगणारा सरकारी आकडा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम, असे तिचे तीन टप्पे. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र, वर राहिला तर नाही. बातमीत एवढंच येतं. पण हा आकडा पीक कापणीच्या प्रयोगातून निघतो आणि प्रयोग निवडक प्लॉटवर होतो. प्लॉट कुणाच्या शेतात, ओलिताच्या की कोरडवाहू? तुलना कोणत्या प्रमाण उत्पन्नाशी? समितीत कोण होतं? एका पैशाच्या फरकावर गावाचं वर्ष ठरतं, तेव्हा तो आकडा म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी मोजून लिहिलेलं गद्यच आहे. त्याचा लेखक शोधता येतो.

दुसरा कागद शेतकरी आत्महत्यांच्या तक्त्याचा. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणाही होता. राज्य सरकारची मदत एक लाखाची. तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीत. ती मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन हवी, कर्ज हवं, ते थकलेलं हवं. बाकीची प्रकरणं ‘अपात्र’ या रकान्यात जातात. वाचणाऱ्याच्या मनावर ठसते ती पात्र प्रकरणांची लहान बेरीज. पत्रकार पी. साईनाथ यांनी या रकान्यांच्या मागे काय दडलंय ते वर्षानुवर्षं लिहिलं. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ती आयुष्यभर शेतात राबली तरी तक्त्यात शेतकरी म्हणून येत नाही, हे त्यांनी वारंवार दाखवलं. ताराबाईंच्या प्रश्नाशी याचं नातं सरळ आहे: मजकुरात कोण गैरहजर आहे?

साईनाथांची स्वतःची हातोटीही तपासण्यासारखी आहे. ते सरकारचीच आकडेवारी सरकारपुढे ठेवतात. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचे प्रा. के. नागराज यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींवरून १९९७ ते २००५ या नऊ वर्षांत देशात सुमारे दीड लाख शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याचं मांडलं. दीड लाख हा आकडा डोक्यावरून जातो. साईनाथांनी त्याला वेळेने भागलं: साधारण दर अर्ध्या तासाला एक. वर्गातल्या मुलाने हा भागाकार वहीत करून पाहावा. उत्तर बरोबर येतं. मग त्याने पुढचं विचारावं: बेरीज तीच असताना ‘दीड लाख’पेक्षा ‘दर अर्ध्या तासाला’ जास्त का टोचतं?

ताजं उदाहरण तर पूर्णेच्या पलीकडचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत केस गळू लागले. वाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हणून टाकलं. विषाणू कुठल्याही तपासणीत सापडला नव्हता. पण शब्द संसर्ग सुचवत होता, आणि संसर्ग म्हटला की माणसं दूर सरकतात. सोयरीक अडल्याच्या बातम्या आल्या. पाठोपाठ पाण्यावर संशय आला. नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे लगेच पटलं, कारण पाण्याने त्याचं आधीच वाटोळं केलेलं आहे. पटणं आणि सिद्ध होणं यांतलं अंतर इथे नीट दिसतं. त्या पट्ट्यातलं पाणी काही जानेवारीत खारं झालं नव्हतं. मग नेमके तेव्हाच, नेमक्या याच गावांत केस का गेले, हा प्रश्न पाण्याच्या बातमीत नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामासाठी ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत रेशनच्या गव्हातलं जास्त सेलेनियम हे कारण असावं, असं मत मांडलं. त्यांनी गव्हाचे नमुने तपासून घेतले होते, रुग्णांच्या शरीरात झिंक कमी असल्याचंही ते म्हणाले. एप्रिलमध्ये त्याच भागात काहींची नखं गळत असल्याच्या बातम्या आल्या. या चार महिन्यांतली कात्रणं तारखेप्रमाणे लावली तर वाचनाचा आख्खा पाठ तयार होतो. कोणत्या बातमीत बोलणाऱ्याचं नाव आहे आणि कुठे नुसतं ‘तज्ज्ञांच्या मते’ आहे? ‘प्राथमिक अंदाज’ हे शब्द मथळ्यात का नाहीत आणि शेवटच्या परिच्छेदात का आहेत? कोणी नमुना घेतला आणि कोणी फक्त फोटो?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मास्तरांना वेळ कुठे आहे? निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी यांतून शिकवायला उरलेले तास अभ्यासक्रमालाच पुरत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण इथे नवं पुस्तक लागत नाही, जास्तीचा तासही लागत नाही. कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याखाली एक कृती बदलली तरी पुरे: ‘लेखकाने दिलेले दोन पुरावे लिहा आणि त्यांतला कमकुवत कोणता ते सांगा.’ परीक्षेत जे विचारलं जातं ते वर्गात आपोआप शिकवलं जातं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. मुलांना प्रत्येक मजकुराची शंका घ्यायला शिकवलं तर ती कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. ‘सगळेच खोटं बोलतात’ म्हणत शेवटी मोबाइलवरच्या अफवेलाच कवटाळतील. ही भीती निराधार नाही. पण नुसती शंका घेणं आणि तपासणं यांत फरक आहे, आणि तो उदाहरणाने शिकवता येतो. ताराबाई ‘पुणेवैभव’ खोटं आहे असं म्हणून थांबल्या नाहीत. त्यातलं कोणतं विधान कुठे ढासळतं ते त्यांनी दाखवलं. बावस्करांनी पाण्याची गोष्ट नुसती उडवून लावली नाही, ते गव्हाच्या पोत्यापर्यंत गेले. त्यांचंही मत पुढे कुणी खोडून काढू शकेल, पण त्यासाठी त्याला गहूच तपासावा लागेल.

बालभारतीला आणि परीक्षा मंडळाला हे करायला वर्षं लागतील. संग्रामपूर तालुक्यातल्या शाळांना थांबायचं कारण नाही. नववीच्या वर्गात महिन्यातून एकदा तीन कागद ठेवता येतील: ‘स्त्री-पुरुष तुलना’तली दोन पानं, त्या आठवड्यातलं एक स्थानिक बातमीचं कात्रण, आणि गावच्या पैसेवारीचा किंवा पीकविम्याचा कागद. प्रश्न तिन्हींना तेच. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, पुरावा काय, कोण गैरहजर आहे, आणि आकडा असेल तर तो कुणी मोजला. शेवटच्या प्रश्नासाठी मुलांना कदाचित वर्गाबाहेर पडून तलाठ्याला विचारावं लागेल. तलाठ्याने उत्तर द्यावं, एवढी तजवीज मुख्याध्यापकांनी आधी करून ठेवावी.